कोळ्याची वैरीण ती शेतकऱ्याची कोण?

गेल्या श्रावणांतील गोष्ट. शिरूर तालुक्यांत न्हावऱ्याच्या बाजूस आमच्या एका आप्तांचा ऊंस व थोडें तरकारीचें रान आहे. पावसाची सर आली म्हणून त्यांच्या मोटारीच्या खोलींत मी टेकलों होतों. तेवढ्यांत त्यांचा मुलगा खुरपें घेऊन आला आणि भिंतीवरचीं मातीचीं घरटीं खरवडून काढूं लागला. हीं घरटीं कुंभारीण माशीचीं. आपणां सर्वांच्या ओसरीवर, गोठ्यांत, देवळाच्या कमानींत तीं असतात व त्यांकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. एक ढेकूळ फुटलें आणि त्यांतून बारीक बारीक कोळी भुईवर पडले. मुलानें ते मोजले. एका कप्प्यांत चौदा भरले.

हा मुलगा शेतकीची पदविका घेतलेला, कामसू आणि वाचणारा आहे. तो मला म्हणाला, "काका, कोळी हा शेतकऱ्याचा मित्र असें आम्हांला शिकविलें आहे. तो तुडतुडे खातो, पतंग खातो. आणि हिनें एका कप्प्यांत चौदा मित्र कोंडून ठेवले! मग ही आपली शत्रु नव्हे तर काय?"

मला त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. "राहूं दे रे बिचारीला," एवढेंच मी म्हणालों. पण बिचारी म्हणणें हें कांहीं उत्तर नव्हे, हें त्यालाही कळत होतें आणि मलाही. तो खरवडीत राहिला. त्याच्या तर्कांत चूक कोठें आहे, किंवा आहे कीं नाहीं, ह्याचा विचार मी सबंध पावसाळाभर करीत होतों. जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण मित्र कोण व शत्रु कोण ह्याच हिशेबावर आपण आज फवारणीचा पंप पाठीवर घेतों.

निवाडा करण्यापूर्वीं आरोपी नीट ओळखावा. कोळ्यांवर वंश पोसणाऱ्या माश्या आपल्याकडे मुख्यतः दोन रीतींच्या दिसतात. पहिली ही कुंभारीण. अंग काळें, पाय व छाती यांवर पिवळा रंग, आणि कमर दोऱ्यासारखी बारीक. पाटाच्या कडेचा किंवा गुरांच्या हौदाखालचा चिखल ती गोळी करून जबड्यांत आणते व गुणगुणत भिंतीवर थापते. एक कप्पा उभा राहिला कीं पिकावरचे, जाळ्यांतले लहान कोळी त्यांत भरावयाचे, अंडें घालावयाचें, तोंड लिंपावयाचें आणि शेजारी दुसरा कप्पा सुरू करावयाचा, असा तिचा क्रम. अशा कप्प्यांचा मिळून मुठीएवढा गोळा होतो. दुसरी रीत अधिक रानटी आहे. त्या माशीला आमच्याकडे लोक सरसकट गांधीलमाशीच म्हणतात. ती बहुधा भिंतीवर येत नाहीं. ती एकच, पण आपल्याहून भारी असा मोठा कोळी धरते व त्याला जमिनींत पुरते.

ही दुसरी माशी कामांत असतां मीं प्रथम पाहिली ती दौंड तालुक्यांत, पाटसहून रोटीच्या घाटाकडे जातांना. तुकोबांची पालखी ज्या वाटेनें जाते त्या वाटेपासून थोडा आंत मुरमाड माळ आहे. भाद्रपद संपत आला होता व कुसळी गवत पिवळें पडूं लागलें होतें. अंग काळेंभोर, पंख तांबूस, पाय लांब. एका जागीं ती क्षणभर ठरेना. पंख झटकीत, मिशांनीं भुई चाचपीत ती दगडांमधून धांवत होती. एका बिळापाशीं ती थबकली. बिळाच्या तोंडाला रेशमाचें अस्तर होतें. माशी आंत गेली. मी मनांत म्हटलें, ही संपली. थोड्याच वेळानें आंतून एक मोठा करडा कोळी बाहेर उसळला, पुढचे पाय उंच करून उभा राहिला, आणि मागोमाग माशी बाहेर आली. दोघांची झोंबाझोंबी झाली ती इतकी चटकन् कीं नीट दिसली नाहीं. माशी कोळ्याच्या पोटाखालीं वळली, एवढें दिसलें. मग कोळ्याचे पाय एकामागून एक सैल पडले.

माशीनें त्यानंतर जें केलें तें पाहून मी उन्हांत तसाच बसून राहिलों. तिनें प्रथम आपले पाय व मिशा स्वच्छ केल्या, जणू हातपाय धुतले. मग कोळ्याचा एक पाय जबड्यांत धरून ती उलट चालत त्याला ओढूं लागली. वाटेंत दगड आला तर त्यावरून ओढी, मार्ग सोडीना. वीस-पंचवीस हात गेल्यावर तिनें ओझें गवताच्या एका झुपक्यावर चढवून ठेवलें. तें तसें कां, हें मला मागाहून समजलें : भुईवर ठेवल्यास मुंग्या लागतात. मग बाजूला मऊ जागा पाहून तिनें भोंक खणलें, मधून मधून झुपक्यापाशीं जाऊन कोळी आहे ना हें पाहिलें, शेवटीं त्याला आंत नेलें, आणि बाहेर येऊन माती लोटून पोटाच्या टोंकानें ती ठोकून ठोकून बसविली. आमच्याकडे चांगला गवंडीही एवढा धुमस करीत नाहीं. माती बसविल्यावर भोंक कोठें होतें तें मलाच सांपडेना.

आंत पुरलेला कोळी मेलेला नसतो. माशीच्या विषानें त्याची हालचाल बंद पडते, पण जीव राहतो. त्यामुळें मांस नासत नाहीं. अंगावर घातलेल्या एकाच अंड्यांतून अळी निघते. ती आधीं कमी महत्त्वाचा भाग खाते व जीव ज्यांवर अवलंबून तीं इंद्रियें शेवटीं खाते, म्हणजे शिदोरी अखेरपर्यंत ताजी राहते. मग कोश, आणि कोशांतून नवी माशी. हें क्रूर आहे खरें. परंतु बोकड कापून जत्रा करणाऱ्या आपल्या गांवांनीं त्याबद्दल फार नाक मुरडूं नये. मोठी झालेली माशी स्वतः कोळी खात नाहीं. ती फुलांतला मध पिते. शिकार आहे ती सर्वस्वी लेंकरासाठीं, आणि ती मादीच करते. नराला नांगीच नाहीं. आणखी एक चमत्कार असा कीं मोठ्या कोळ्यावर बहुधा मुलगी वाढते व लहानावर मुलगा. आई तसें अंडें निवडून घालते.

आपल्या पूर्वजांचें लक्ष ह्या माशीकडे गेलेलें होतें. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरु सांगतो, त्यांत तेविसावा गुरु कोळी आहे आणि चोविसावा गुरु ही घर करणारी माशी. त्याच स्कंधावर नाथांनीं टीका लिहिली व ती १५७३ सालीं काशीस पुरी झाली. ती आजही आपल्या गांवोगांव वाचली जाते. कीटक-भृंग न्याय तेथून आपल्या तोंडीं बसला : माशीनें कोंडलेली अळी भयानें तिचेंच ध्यान करते व तद्रूप होते. आंत अळी गेली, बाहेर माशी आली, हें जुन्यांनीं बरोबर पाहिलें होतें. मध्यें काय झालें तें मातीच्या भिंतीआड होतें. कीर्तनकारांना तो दृष्टांत ध्यानासाठीं हवा असतो, कीटकशास्त्रासाठीं नव्हे, म्हणून त्यांच्याशीं माझें भांडण नाहीं. पण त्या दृष्टांतांतला एक शब्द आपल्या वादांत फार उपयोगी आहे, तो म्हणजे अळी. मातीचीं सर्वच घरटीं कोळ्यांनीं भरलेलीं नसतात. लहान गाडग्यासारखें, तोंडाला ओठ असलेलें जें सुबक घरटें काटकीवर किंवा भिंतीवर दिसतें, तें दुसऱ्या माशीचें. तिच्या कोठारांत पिकावरच्या अळ्या असतात. आमच्या पदविकाधारकाच्या खुरप्याखालीं त्या दिवशीं तशीं दोन गाडगीं गेलीं, तीं त्यानें फोडून पाहिलींच नाहींत.

पाश्चात्यांनींही ह्या माशीवर पुष्कळ लिहिलें आहे. फ्रान्सांतील फाब्र ह्या शिक्षकानें आयुष्य तिच्यासारख्या प्राण्यांमागें घालविलें. कोळ्याच्या तोंडाजवळ पहिला डंख करून ती त्याचे विषारी सुळे निकामी करते आणि दुसरा डंख छातीखालीं करून पाय निकामी करते, असें त्यानें वर्णिलें. आपल्याकडील गांधीलमाश्या व मधमाश्यांची पहिली मोठी यादी बिंगॅम ह्या लष्करी अधिकाऱ्यानें १८९७ सालीं छापली. तींत वनखात्यांतील राउटन यांनीं पुण्याकडे जमविलेले नमुने ठिकठिकाणीं येतात. अमेरिकेंत ह्यांच्यापैकींच एक दांडगी जात आहे. तिच्या व मोठ्या केसाळ कोळ्याच्या झुंजीवर पेत्रुंकेविच ह्या प्राध्यापकांनीं १९५२ सालीं लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. तिचा डंख भयंकर; तरी न्यू मेक्सिको संस्थानानें १९८९ सालीं तिलाच आपला राज्यकीटक ठरविलें. आपण शेकरू व हरियाल मानाला बसविले. माशीला बसविण्याचें धाडस आपल्याला व्हावयाचें आहे.

आतां मूळ प्रश्न. कोळी मित्र, म्हणून त्याची वैरीण शत्रु, हा हिशेब कागदावर सरळ दिसतो. रानांत तो टिकत नाहीं. मोठ्या कोळ्याची शिकार करणारी माशी एका पोरामागें एक कोळी नेते. कोळ्याची एक मादी मात्र एका पिशवींत कांहीं डझनांपासून शेंकड्यांपर्यंत अंडीं घालते, आणि निघालेलीं पिल्लें भुकेलीं झालीं म्हणजे सर्वांत आधीं एकमेकांनाच खातात. कोळ्यांचा सर्वांत मोठा वैरी कोळी, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. शिवाय हा मित्र आपल्या मैत्रीची आठवण ठेवून शिकार करीत नाहीं. तुडतुडा जसा त्याच्या जाळ्यांत सांपडतो तशी मधमाशीही सांपडते व ढालकिडाही सांपडतो. तिकडे कुंभारणीच्याही मागें तिचे चोर आहेतच. हिरवी-निळी, काचेसारखी चकचकणारी एक माशी कोकिळेप्रमाणें तिच्या कप्प्यांत आपलें अंडें घालून जाते. ती वैरिणीची वैरीण म्हणून तिला पुन्हां मित्र म्हणावयाचें काय? आणि तिला खाणाऱ्या पक्ष्याला? ह्या वाटेनें गेलेला मनुष्य शेवटीं खुरपें घेऊन स्वतःच्याच खोलीभोंवतीं फिरत राहील.

माझें मत असें कीं मित्रकीटक आणि शत्रुकीटक अशा दोन रकान्यांचीं जीं पत्रकें आपल्या हातीं पडतात, त्यांनीं सोय केली तशीच गैरसोयही केली. त्यांतला शत्रूचा रकाना फवारणीला लागतो, म्हणून पत्रक लागतें. हें मला मान्य आहे. पण जो प्राणी कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं त्याला काय करावें, हें पत्रक सांगत नाहीं, आणि आपल्या रानांतले बहुतेक प्राणी असेच आहेत. कुंभारणीमुळें एकरीं पायलीभर धान्य जास्त मिळतें असें मला सिद्ध करावयाचें नाहीं. तिच्या नफ्याचा दावा मी करीत नाहीं. तिच्यामुळें होणाऱ्या तोट्याचा दावा मात्र मला खोटा वाटतो.

खरा तोटा कोठून होतो तें मीं स्वतःच्या रानांत पाहिलें आहे, आणि तें सांगतांना मला लाज वाटते. काहीं वर्षांपूर्वीं माझ्या वांग्यांच्या प्लॉटवर शेंडे-अळी पडली. औषधाच्या दुकानदारानें पायरेथ्रॉइड वर्गांतलें एक औषध दिलें व आठवड्याला मारा म्हणून सांगितलें. मीं मारलें. अळी कमी झाली. चवथ्या फवारणीनंतर पानें वरून पांढुरकीं व खालून धुळकट दिसूं लागलीं. तो लाल कोळी होता. येथें नांवाचा एक मोठा घोटाळा आहे, तो वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. लाल कोळी हा कोळीच नव्हे. तो गोचिडाच्या कुळांतला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा, पानांतला रस शोषणारा प्राणी आहे. त्याला खाणारे बारीक ढालकिडे व इतर भक्षक माझ्या फवारणींत मेले होते; तो स्वतः त्या औषधाला जुमानीत नाहीं. मीं पुन्हां दुकान गांठलें. दुकानदारानें आतां लाल कोळ्याचें निराळें औषध दिलें, आणि मीं तेंही मारलें. त्या हंगामांत सकाळच्या दंवांत चमकणारें एक जाळें माझ्या वांग्यांवर दिसलें नाहीं. ओसरीच्या तुळईवर दरवर्षीं घर करणारी कुंभारीणही त्या वर्षीं आली नाहीं. कोंडायला कोळीच नव्हते, ती येऊन काय करणार? चौदा कोळी कोंडणारी माशी शत्रु ठरली, तर मीं स्वतःस काय म्हणावें?

उलट बाजूचा दाखला आपणां ऊंसवाल्यांना माहीत आहे. २००२ च्या पावसाळ्यांत सांगली जिल्ह्यांत पांढरा लोकरी मावा प्रथम दिसला आणि पाहतां पाहतां राज्यभर पसरला. उभ्या उंसांत शिरून फवारणें किती अवघड, हें ज्यांनीं केलें त्यांनाच ठाऊक. पानें काळीं पडत होतीं व लोक फड पेटवून देण्याच्या गोष्टी बोलत होते. शेवटीं तो आवरला तो मुख्यतः डिफाच्या अळ्यांनीं व मायक्रोमसनें. ज्यांच्या फडांत हे दोघे वाढले होते तेथील पानें शेतकऱ्यांनीं दुसऱ्यांच्या फडांत नेऊन बांधलीं. त्या दोघांचीं नांवें त्याआधीं किती जणांना ठाऊक होतीं? कोणत्याही रकान्यांत नसलेले प्राणी होते ते.

आपल्या दोन तालुक्यांची स्थिति मुद्दाम वेगळी सांगितली पाहिजे. पाऊस वर्षाला वीस इंचांच्या आंतबाहेर. पूर्वीं बाजरी, मटकी, हुलगा व रब्बीची ज्वारी. मध्यें रुंद बांध, त्यावर बोरी-बाभळी, आणि बांधापलीकडे माळ. घोडचें व चासकमानचें पाणी शिरूरास आलें, मुठेच्या कालव्याचें दौंडास आलें, आणि त्या पाण्यानें आपल्या घरांत दूध-साखर आली. त्याबद्दल मी तक्रार करणार नाहीं. परंतु पाण्यामागून यंत्र आलें, व यंत्रानें बांध खाल्ला. पूर्वीं बैलजोडी वळायला जागा लागे, तेवढी तरी राहत असे. आतां उंसाची सरी शेजाऱ्याच्या सरीला भिडली आहे. माळ मुरमासाठीं उकरले गेले. जो बांध उरला त्याला उन्हाळ्यांत पाचटाबरोबर काडी लागते. बिळांत राहणारा मोठा कोळी आणि त्याला पुरणारी माशी ह्या दोघांनाही न नांगरलेली, न जळालेली, थोडी उघडी भुई लागते. दोघांच्या भांडणांत आपण पंच होऊन बसलों आहों, आणि तंटा ज्या जमिनीवरचा ती जमीनच आपण काढून घेतली आहे.

म्हणून संघाच्या सभासदांपुढें माझी सूचना लहान आहे. ज्यांच्या रानाची एक बाजू मुरमाड आहे त्यांनीं त्या बाजूच्या बांधाची दोन हात पट्टी नांगरूं नये, जाळूं नये व तिच्यावर तणनाशक मारूं नये. बोर, बाभूळ, तरवड फुलूं द्यावे. माश्यांना मध तेथेंच मिळतो. फुलोऱ्यावर आलेल्या पिकाला औषध मारणें भागच असेल तर सायंकाळीं उशिरां मारावें. दोन हात पट्टीनें उत्पन्न किती घटतें, तें प्रत्येकानें आपल्या दोरीनें मोजून पाहावें. माझ्या साडेतीन एकरांच्या तुकड्यांत तें दोन सऱ्यांहून कमी भरलें, आणि त्या दोन सऱ्या तशाही शेजाऱ्याच्या बाभळीच्या सावलींतल्या होत्या.

डंखाची भीति हें घरटीं पाडण्याचें दुसरें कारण. येथेंही नांवानें घोटाळा केला आहे. झाडाला किंवा छपराला कागदी पोळें करून जमावानें राहणारी गांधीलमाशी निराळी. तिच्या पोळ्याला धक्का लागला तर सारा जमाव अंगावर येतो, आणि तें पोळें वाटेवर असेल तर त्याचा बंदोबस्त करावाच लागतो. डंखानंतर कोणाला घाम सुटला, गळा आवळला किंवा धाप लागली, तर घरगुती उपाय करीत न बसतां तांतडीनें दवाखाना गांठावा. परंतु कुंभारीण व कोळी पुरणारी माशी ह्या एकट्या राहणाऱ्या. राखायला पोळें नाहीं, म्हणून त्या अंगावर धांवून येत नाहींत. मुठींत धरली किंवा अनवाणी पायाखालीं आली तरच डंख करते, आणि मोठीचा डंख चांगलाच झोंबतो, हें पोरांना सांगून ठेवावें. पाहावयाला मात्र त्यांना खुशाल बसवावें.

कुंभारणीचा एक खरा उपद्रव आहे तो लपवीत नाहीं. ती नळ्यांचीं तोंडें, मोटारीच्या स्टार्टरची पेटी, पंपाची नळी, असें कोणतेंही भोंक चिखलानें बुजविते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजीं डोमिनिकन प्रजासत्ताकांतील प्वेर्तो प्लाता येथून निघालेलें एक प्रवासी विमान समुद्रांत पडून १८९ माणसें गेलीं. विमानाचा वेग मोजणारी नळी बुजल्यामुळें तें झालें, आणि ती अशाच कुंभारणीनें बुजविली असावी असा तपासणाऱ्यांचा तर्क होता. तेव्हां पेटीतलें घरटें मुख्य वीज बंद करून जरूर काढावें, रिकाम्या नळ्यांना बूच लावावें. भिंतीवरच्या घरट्यानें काय बिघडतें? ज्याला गोल भोंकें पडलीं आहेत तें रिकामें झालेलें समजावें. दिवाळीच्या सारवणांत रंगरंगोटीसाठीं तें काढलें तरी चालेल. ज्याचीं तोंडें बंद आहेत त्याला महिनाभर थांबावें.

हें सर्व मीं त्या मुलाला पुढें सांगितलें. सगळें पटलें असें नाहीं. बांधाची पट्टी सोडायला त्याचे वडील तयार नाहींत. "भावकीची मोजणी झाल्यावर बघूं," असें ते म्हणतात, आणि ती मोजणी केव्हां होईल तें देव जाणे. पण खोलीच्या दारावर उरलेलें एक घरटें मुलानें राहूं दिलें. आश्विनांत त्यांतून माश्या निघून गेल्या व भोंकें राहिलीं. परवां त्याचा फोन आला. त्या रिकाम्या कप्प्यांत आतां एक निळीशार माशी शिरली आहे. चिखल न आणतां नुसतें पाणी आणते, जुनीच माती भिजवून दारें लावते आणि आंत पुन्हां कोळीच नेते. "काका, ही तर आयत्या घरांत घुसली. हिचें काय करावयाचें?"

येत्या रविवारीं मी न्हावऱ्यास जाणार आहें. गेल्यावर खुरपें कोठें ठेवलें आहे तें आधीं पाहीन.